भावजय चौथ्या महिन्यात आहे आणि सुई घेते. बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून आधी काय करावं?

ताई, आधी रक्त तपासा. सुई सुटायची वाट बघू नका.

तुम्ही लिहिलंय की भाऊ आणि भावजय मुंबईहून परत आले ते पावडरीची (हेरॉइनसारख्या नशेची) सुई घेऊनच. आता तिला चौथा लागलाय, आणि हर्णैच्या घरी सगळ्यांनी ठरवलंय की महिनाभर तिला माडीवर कोंडायचं, व्यसन सुटलं की मग दवाखान्यात नाव घालायचं. शिवाय पोलिसांची भीती. मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं एचआयव्हीची समुपदेशक होते. हे 'आधी सुटू दे, मग नेऊ' मी पूर्वीही ऐकलंय.

तशीच एकजण आमच्याकडे आली ती थेट कळा सुरू झाल्यावर, जुलैच्या पावसात, रिक्षातून. नऊ महिन्यांत एकही तपासणी नाही. तिथेच चाचणी केली, पॉझिटिव्ह. तिला लगेच औषध दिलं, बाळाला जन्मल्यावर लागण होऊ नये म्हणून नेविरॅपिन या औषधाचं सिरप सुरू केलं. आमच्यातल्याच कोणीतरी तिच्या केस पेपरवर लाल पेनाने मोठ्या अक्षरात 'पॉझिटिव्ह' लिहून ठेवलं. त्यावरून मी भांडले, पण तिने ते वाचलं होतं. आता ही बया परत कसली येते, असं मला वाटलं. सहा आठवड्यांनी ती आली, ओली छत्री दाराशी ठेवून शेवटच्या बाकावर बसली. बाळाच्या एचआयव्ही चाचणीसाठी टाचेला टोचून कार्डावरच्या पाच गोलांत रक्ताचे थेंब भरायचे असतात. चार गोल भरेपर्यंत पोर किंचाळत होतं आणि ती मला विचारत होती, "बाय, मी अजून घेतंय, तर ह्याला काढून नेशील काय गो?" पोर अठराव्या महिन्याच्या तपासणीतही निगेटिव्ह निघालं. पण त्यात नशिबाचा भाग फार मोठा होता. चौथ्या महिन्यात आली असती तर नशिबावर इतकं सोडावं लागलं नसतं.

पॉझिटिव्ह आईने काहीच औषध घेतलं नाही तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. मी कामाला लागले तेव्हा कळांच्या वेळी आईला एक गोळी आणि बाळाला थेंब, एवढंच हातात होतं. २०१४ पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला पूर्ण औषधं मिळतात, फुकट, आणि बाळंतपणानंतरही चालू राहतात. आता रोजची एकच गोळी असते. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणींना कोणी सांगत नाही: आशाताई लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या देते, त्या रिकाम्या पोटी या गोळीबरोबर घेतल्या तर औषध अंगाला नीट लागत नाही. एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर या सगळ्या गोळ्या एकत्र, जेवणासोबत. सुई घेते हे डॉक्टरांपासून लपवू नका, तेही औषध ठरवताना लागतं.

माडीवर कोंडणं आजच थांबवा. हेरॉइनसारखी पावडर गरोदरपणात एकदम तोडली तर टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) नुसती बाईला लागत नाही, गर्भपात होऊ शकतो, दिवस भरायच्या आत कळा येऊ शकतात. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर त्या अचानक बंद केल्याने फिटही येते. जगभर यावर उपाय एकच: डॉक्टरांच्या देखरेखीखाली पावडरीच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध. बाळाला जन्मानंतर काही दिवस थोडी टर्की येऊ शकते, ती दवाखान्यात सांभाळता येते. आणि कोंडलेली बाई निसटली की मिळेल त्याची, मिळेल ती सुई लावते. एचआयव्ही नेमका तिथे शिरतो. मधे खंड पडलेला असतो, त्यामुळे जुन्याच मात्रेने जीवही जातो.

चाचणी निगेटिव्ह आली तर सुटलो म्हणू नका. लागण ताजी असेल तर दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून पुन्हा तपासा, आणि बाळंतपणाच्या तोंडावर परत. गरोदरपणातच नवी लागण झाली तर विषाणू रक्तात खूप असतो आणि बाळाला धोका वाढतो. सुई सुटत नाही तोवर प्रत्येक वेळी नवी, स्वतःची. चमचा, कापूस, पाणीसुद्धा वेगळं. भावाचीही चाचणी करा. दिवस गेले की कंडोम कशाला, असं आपल्याकडे समजतात. इथे तो हवाच. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हा आमच्याकडे एकाने विचारलं होतं, चरसने एड्स होतो का? ओढल्याने नाही. नशेत कंडोम राहून जातो, त्याने होतो.)

पोलिसांचं म्हणाल तर २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तिच्या संमतीशिवाय चाचणी नाही, आणि कोर्टाचा हुकूम वगैरे सोडता निकाल कोणाला सांगता येत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातही, थोडी नशा स्वतःसाठी बाळगणारा माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट देणारं कलम आहे, ६४अ.

दूध पाजायचं की नाही हे तिथल्या डॉक्टरांना विचारा, त्याला अजून पाच महिने आहेत. हिपॅटायटिस बी आणि सीची चाचणीही त्याच रक्तात करून घ्या, सुईने तेही पसरतात.

दापोलीत ओळखीचे भेटतील म्हणून ती तयार होत नसेल तर पहाटेची एसटी पकडून रत्नागिरीच्या सिव्हिलला या. निघायच्या आदल्या दिवशी एचआयव्हीच्या हेल्पलाइनला, १०९७ ला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६. तिच्यासोबत भावाला नको, तुम्ही जा. सकाळी जाताना तिला सुई लागणार असेल तर लागू दे. रांगेत थरथरत उभी राहिली तर ती अर्ध्यातून उठून निघून येईल.