तीन लाइनी जोडल्या तरी स्पीड एकाच लाइनीचा कामून? हॉस्टेलच्या लोड बॅलन्सिंगबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की लातूरला ट्युशन एरियात तुमचं तीन मजल्यांचं हॉस्टेल, ११० पोरं, १०० एमबीपीएसच्या दोन फायबर लाइनी आणि गच्चीवर एक फाइव्ह-जीवालं एअर फायबर (बिनवायरीची लाइन), त्याच्यावर लोड बॅलन्सिंगचा, म्हणजे ट्रॅफिक तिन्ही लाइनींवर वाटणारा, राउटर बसवला, तरी ऑफिसातल्या लॅपटॉपवर स्पीडटेस्ट ९४ च्या वर जात नाही, रात्री दहानंतर पोरं बोंब मारायलेत, आणि ॲडमिशनच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना साइट मधेच लॉगआउट करायली. राउटरवाल्यानं फसवलं का, असं विचारलंय तुम्ही. फसवलं नाही, पण "तीनशेचा स्पीड भेटल" असं बोलून त्यानं राउटर विकला असंल तर अर्धंच खरं बोलला.

लातूरहून पुण्याला रात्री एका ट्रॅव्हल्सऐवजी तीन सोडल्या तर तिप्पट माणसं जातील, पण म्हणून कोणी दोन तासात स्वारगेटला उतरत नाही. लोड बॅलन्सिंगचं तसंच आहे. प्रत्येक लाइनीचा बाहेरचा आयपी (नेटवरचा पत्ता) वेगळा असतो, आणि समोरच्या सर्व्हरनं एका आयपीशी बोलणं सुरू केलं की त्याच बोलण्यातलं पुढचं पॅकेट दुसऱ्या आयपीवरून आलं तर तो ते ओळखतच नाही. म्हणून राउटर अख्खं कनेक्शन उचलून एका लाइनीवर बसवतो, पुढचं कनेक्शन दुसरीवर, असं वाटप करतो. एका डाउनलोडला तीन लाइनींचा वेग खरंच पाहिजे असंल तर त्याला बाँडिंग म्हणतात, त्याला बाहेर कुठंतरी आपला एक सर्व्हर लागतो जो तिन्हीकडून आलेले तुकडे जोडतो, त्याचं महिन्याचं भाडं वेगळं. हॉस्टेलला त्याची काही गरज नाही. तुम्हाला ११० पोरं सांभाळायचीत, एका पोराला तीनशे द्यायचे नाहीत.

आता ते ९४. हा आकडा बघितला की माझं लक्ष आधी वायरीकडं जातं. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून स्पीडटेस्टला साधारण ९४-९५ च मिळतात, बाकीचे पॅकेटच्या वेष्टनात जातात. म्हणजे लॅपटॉप ते राउटर कुठंतरी लिंक गिगाबिटऐवजी (१००० एमबीपीएस) १०० वर बसलेली असू शकते. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळं क्रिंपिंग करताना, म्हणजे वायरीला टोक बसवताना, एखादी तार नीट बसली नाही तरी नेट चालतंच आणि कोणाला काही कळत नाही. लॅपटॉपात लिंक स्पीड बघा, मधला स्विच जुना १०० चा आहे का ते बघा. आणि वायर चांगली निघाली तरी नुसत्या स्पीडटेस्टवर जाऊ नका, ती एकाच सर्व्हरशी बोलते, सेटिंगप्रमाणं ती सगळीच्या सगळी एका लाइनीवर जाऊ शकते. खरी परीक्षा म्हणजे रात्री दहाला राउटरच्या पेजवर तिन्ही वॅनचे (बाहेरच्या लाइनींच्या पोर्टांचे) आकडे शेजारी-शेजारी बघणं. ८०, ७५, ६० दिसले तर वाटप चांगलं चाललंय. ९४, ३, ० दिसलं तर मग पुढचं वाचा.

लॉगआउटचं कारण साधं आहे. साइट उघडली पहिल्या लाइनीवरून, पुढचं पान गेलं दुसऱ्या लाइनीवरून, बँकेच्या आणि काही सरकारी साइटी आयपी बदललेला बघितला की संशय घेतात आणि बाहेर काढतात. मिक्रोटिक कंपनीचा राउटर असंल तर पीसीसीमध्ये (कोणतं कनेक्शन कोणत्या लाइनीवर टाकायचं ते ठरवणारी सेटिंग) बहुतेक दोन्ही पत्ते अधिक पोर्ट असं निवडलंय, ते काढून फक्त सोर्स पत्ता (पोराच्या मोबाइलचा) करा, म्हणजे एक पोरगा एकाच लाइनीला चिकटून राहतो. पुस्तकात दोन्ही पत्ते वापरा म्हणतात, वाटप थोडं जास्त सारखं होतं हे खरं, पण फॉर्मच्या दिवसात फोन कोणाला येतात ते मला विचारा. ११० माणसं असली की नुसत्या सोर्सवर पण चांगलं वाटप होतं. दुसऱ्या कंपनीच्या राउटरमध्ये हेच स्टिकी किंवा तशाच काही नावानं असतं. एअर फायबर संध्याकाळी निम्म्यावर येत असंल तर वाटप १:१:१ ठेवू नका, पाच भाग करा, दोन-दोन फायबरला आणि एक त्याला. आणि मिक्रोटिकमध्ये फास्टट्रॅक (पॅकेट झटपट पुढं काढायचा शॉर्टकट) चालू राहिला की मँगलचे नियम (लाइनीची खूण लावणारे) आणि स्पीडच्या क्यू (मर्यादा), दोन्हीला वळसा घालून ट्रॅफिक निघून जातं. या कामातल्या नव्या पोरांचे निम्मे लफडे तिथंच असतात.

पण तुमच्याकडं मला खरा घोळ दुसराच वाटायलाय. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक मजल्यावर "जुनाच वायफाय राउटर लावलाय". तो राउटर मोडमध्ये असंल, म्हणजे मेन राउटरची वायर त्याच्या वॅन पोर्टला खोचली असंल, तर त्या मजल्यावरची सगळी पोरं मेन राउटरला एकच माणूस दिसतात. सोर्सप्रमाणं वाटप करायचं म्हणलं तर त्याला दिसणार तीन माणसं, तीन मजल्यांची, आणि त्यातले दोन मजले एकाच लाइनीवर पडले की तिसरी लाइन नुसती लुकलुकत बसंल. नांदेडला एका अभ्यासिकेत मी या एका गोष्टीपायी दोन रात्री घालवल्या. सगळे नियम तीन-तीनदा तपासले, राउटर रिसेट केला, मालकाचे चार चहा पिलो, आणि शेवटी पाणी प्यायला वर गेलो तर जिन्यात भिंतीवरच्या वायफायच्या डब्याची वायर निळ्या (वॅन) पोर्टात खोचलेली दिसली. ती काढून पिवळ्या (लॅन) पोर्टात घातली, डब्याचं डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद केलं, पाच मिनिटात तिन्ही लाइनी पळायला लागल्या. मालक म्हणला, एवढ्यासाठीच का? काय सांगणार त्याला.

तर तिन्ही मजल्यांचे डबे अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे ते नुसतं वायफाय देतील, आयपी सगळ्यांना मेन राउटरच देईल. आणि हे केलं की लगेच दुसरी अडचण येणार ती आत्ताच सांगतो. ११० पोरं, प्रत्येकाचा मोबाइल, बऱ्याच जणांकडं टॅब नाहीतर लॅपटॉप, म्हणजे सव्वादोनशे झाले. साध्या /२४ नेटवर्कमध्ये २५४ च पत्ते, त्यात आजकालचे मोबाइल मॅक पत्ता (वायफायवरची ओळख) बदलून नवा माणूस म्हणून परत येतात. मग "आयपी मिळवत आहे" वर मोबाइल गोल-गोल फिरत बसतो आणि पोरं म्हणतात नेट बंद. /२३ करा, ५१० पत्ते होतात, आणि लीज (एक पत्ता किती वेळ द्यायचा ती मुदत) एका दिवसाऐवजी दोन-तीन तासाची ठेवा.

दोन्ही फायबरच्या ओएनटीचा (फायबर जिथं येते त्या कंपनीच्या डब्याचा) पत्ता काय आहे तो पण बघा. दोन्हीवर १९२.१६८.१.१ असंल (फार ठिकाणी असतो) तर राउटरला दोन्ही दारांवर एकाच घराची पाटी दिसते आणि तो गोंधळतो. एकाचा बदलून १९२.१६८.२.१ करा, किंवा ओएनटी ब्रिजवर टाकून (नुसता पूल करून) पीपीपीओई डायल, म्हणजे लाइनीचं लॉगिन, राउटरमधूनच करा, तेच बरं.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा सर्व्हर) प्रोव्हायडरचा नको, १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका, कारण एका कंपनीचा डीएनएस दुसऱ्या कंपनीच्या लाइनीवरून आलेल्याला बऱ्याचदा उत्तरच देत नाही. आणि आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) एकाच लाइनीवर चालू राहिलं असंल तर यूट्यूब सगळं तिकडूनच जातं, तुमचे आयपीव्ही४ चे नियम बघत बसतात. सध्या बंद करून टाका.

रात्री दहाचा हिशोब. समजा साठ पोरं लेक्चरचे व्हिडिओ बघायलेत, ७२० पी ला साधारण अडीच एमबीपीएस धरा, दीडशे झाले. तीन लाइनींना हे जड नाही. जड होतं ते दोघं-तिघं गेमचं ६० जीबीचं अपडेट लावून झोपतात तेव्हा. म्हणून माणशी ८-१० एमबीपीएसची मर्यादा घाला, खाली आणि वर दोन्हीला, अपलोडला तर नक्कीच, कारण फोटोचं बॅकअप सुरू झालं की व्हिडिओ कॉल आधी मरतो. शिवाय प्लॅनचा एफयूपी (किती डेटानंतर स्पीड कमी होतो ती मर्यादा) बघा. बऱ्याच घरगुती प्लॅनला महिन्याला ३३०० जीबी असतो, ऐकायला लई वाटतो, पण १०० ची लाइन सलग पूर्ण भरून चालली तर ७३ तासात संपतो. मग वीस तारखेपासून एक लाइन रांगायला लागते आणि राउटर तिच्यावर एक तृतीयांश पोरं बसवतच राहतो, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

शेवटचं, लाइन पडल्यावरचं. तुमच्या दोन्ही फायबर एकाच खांबावरून येतात का, हे उद्या सकाळी बाहेर उभं राहून बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाकडं दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी, बिलं वेगळी, आणि पाइपलाइनच्या खोदकामात जेसीबीनं एकच खड्डा मारला तर दोन्ही एका मिनिटात गेल्या. दोन्ही एकाच केबलवाल्याच्या वायरीतून येत होत्या, आणि दोघांनी विकताना हे सांगितलं नव्हतं. तुमच्याकडं एअर फायबर आहे ते त्यासाठी ठेवाच, स्पीडसाठी त्याच्यावर फार विसंबू नका. ओएनटी, मेन राउटर, मजल्यांचे डबे आणि गच्चीवरचं युनिट इन्व्हर्टरवर घ्या, नुसता राउटर घेऊन लाइट गेल्यावर उपयोग नाही.

लाइन जिवंत आहे का हे बघायला राउटर गेटवेला (पुढच्या पहिल्याच दाराला) पिंग करत, म्हणजे हाक मारून बघत, असंल तर तो शेजारच्या ओएनटीलाच विचारायलाय, बाबा आहेस का, आणि तो आहे म्हणतो, पुढं फायबर तुटलेली असली तरी. प्रत्येक लाइनीला बाहेरचा वेगळा पत्ता द्या, एकीला ८.८.८.८, दुसरीला १.१.१.१, तिसरीला ९.९.९.९, आणि त्या पत्त्याचा रस्ता त्याच लाइनीवरून बांधा. तपासताना ओएनटीकडून राउटरला येणारी वायर उपटू नका, तशी लाइन गेलेली कोणत्याही राउटरला कळते. ओएनटीच्या मागची हिरव्या टोकाची फायबर हळूच काढा, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागंल, आणि मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून किती सेकंदात परत येतो ते मोजा. मिक्रोटिकचं चेक गेटवे दहा-दहा सेकंदानं पिंग करतं, दोन चुकले की लाइन बंद धरतं, म्हणजे वीस-तीस सेकंद धरा. चालू कॉल तुटणारच, तो परत लावायचा.

हे सगळं करून रात्री दहाला तिन्ही वॅनचे आकडे इथं टाका, आणि मजल्यावरच्या डब्यात वायर कोणत्या पोर्टात आहे त्याचा फोटो पण.