‘बघतो’, ‘पाठवतो’

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

वीस दिवस कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी, रत्नागिरी, चिपळूण करून परवा पुण्यात आलास आणि काल फोनवर म्हणालास, "काका, घरी आलोय, पण आल्यासारखं वाटत नाही." हसून सोडून दिलंस, पण मला ते रात्रभर आठवत राहिलं.

याच वाटेने मीही दर हिवाळ्यात फिरतो. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट आहे. कंडक्टर आधार बघून शून्य रुपयाचं तिकीट देतो आणि का कोण जाणे, मी ती तिकिटं जपून ठेवतो. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळे बेळगावला जाताना पुढचे पैसे मोजावे लागतात. अण्णांना हे सांगितलं की ते पुन्हा १९५६ वर येतात.

तुलाही त्यांनी सांगितलंच असेल, त्या नोव्हेंबरात बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हाचं. मी चार वेळा ऐकलंय. दर खेपेला गोष्टीत एखादा नवा माणूस येतो, म्हणून आता कंटाळत नाही. या आठवड्यात आठवेल तेवढं लिहून काढ. त्यांच्याच शब्दांत लिही, मध्ये सुधारत बसू नकोस. महिन्याभराने लिहायला बसलास तर त्यात अण्णा कमी आणि तू जास्त असशील.

पोचल्याचे फोन केलेस का? ग्रुपवर ‘पोचलो’ टाकून भागत नाही. सावंतवाडीची आत्या ग्रुपवर नाही.

आता खरं सांगायचं ते. चिपळूणला काकूकडे जिन्यापाशी भिंतीवर रेघ पाहिलीस ना? २२ जुलै २०२१ चं पाणी तिथवर होतं. कपाटं, गाद्या, मिक्सर, सगळं हळूहळू परत घेता आलं. अल्बम मात्र गेले. चिखलात फोटो एकमेकांना चिकटून नुसता लगदा झाला होता. पुढे मी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या लग्नातला एखादा तुमच्याकडे असेल का हो?" मी म्हटलं, घरी गेल्यावर बघतो, पाठवतो.

घरी आलो. गिझर बिघडला, बँकेचं काम निघालं, मग पाऊस. त्या ‘बघतो’ला दीड वर्ष लागलं. फोटो माळ्यावर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात होता. शोधायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पण तोवर वहिनींची नजर पार अधू झाली होती. आता त्या भिंग धरून बघतात आणि मला फोन करून विचारतात, डावीकडून तिसरी कोण? मी सांगतो. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतात.

तू कुठे कुठे काय बोलून आलास ते आजच वहीत मांड. रत्नागिरीच्या मित्राच्या बहिणीसाठी पुण्यात वसतिगृहाची चौकशी करतो म्हणालास. आत्याला चष्म्याची दोरी पाठवतो म्हणालास. (मला कसं कळलं? आत्यानेच सांगितलं. तिने दिवसही मोजायला सुरुवात केली आहे.) बेळगावहून कुंदा ज्या स्टीलच्या डब्यातून आणलास तो मामींचा आहे. झाकणावर नाव कोरलेलं असेल, बघ. परत करशील तेव्हा रिकामा देऊ नकोस. काय घालायचं ते आईला विचार.

फोटो काढले असशीलच. मोबाइलमध्ये पडून राहतात ते. ज्यांचे आहेत त्यांना कागदावर छापून पाठव आणि मागे नावं लिही, शाईने नको, पेन्सिलीने. शाई पुढच्या फोटोवर उमटते.

हे सगळं आठ दिवसांत झालं तर झालं. नंतर सोमवार येतो, ऑफिस येतं, आणि मग मी आहेच उदाहरणाला.

जाता जाता, निघायच्या आधी माझ्याकडे आला होतास तेव्हा म्हणालास, काका, सायकलची चेन मी आल्यावर बसवून देतो. रविवारी मी घरीच आहे. चहा ठेवतो.

तुझा,
काका