कांदोळीला स्वीट घ्यावा की दोन खोल्या?

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत यजमान, मी, सहा वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे चौघे चार रात्रींसाठी गोव्याला जाणार आहोत. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या असून त्या इन्सुलिन घेतात. कांदोळीच्या एका हॉटेलात ‘वन बेडरूम स्वीट’ एका रात्रीला १०,००० रुपयांना मिळतो आणि समुद्र ३०० मीटरवर असल्याचे जाहिरातीत म्हटले आहे. त्याच हॉटेलात साध्या खोल्या प्रत्येकी ५,००० रुपयांना आहेत. दर कर वगळून आहेत. स्वीट घेणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्वप्रथम हॉटेलाकडून त्या स्वीटचा नकाशा मागवून घ्यावा, कारण ‘स्वीट’ या शब्दाखाली सरसकट एकच गोष्ट विकली जात नाही. बैठकीची खोली आणि झोपण्याची खोली यांच्यामध्ये पूर्ण भिंत व बंद होणारे दार असेल, तरच त्या जागेला वेगळा दर देण्यात अर्थ आहे. एकाच मोठ्या खोलीत पलंगासमोर सोफा मांडून तिला ‘ज्युनियर स्वीट’ किंवा नुसतेच ‘स्वीट’ म्हणण्याची पद्धत सर्वत्र आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला घेऊन मी अशाच एका ठिकाणी उतरलो होतो. तिथे भिंतीऐवजी कमरेएवढ्या उंचीचे कपाट होते आणि आम्ही बोलत बसलो की तिची झोप मोडत असे. छायाचित्रांत ते कपाट भिंतीसारखे दिसत होते.

नकाशा हाती आल्यावर दाराइतकेच लक्ष न्हाणीघराकडे द्यावे. एक शयनगृह असलेल्या अनेक स्वीटमध्ये न्हाणीघर एकच असते आणि त्याचे दार शयनगृहातच उघडते, त्यामुळे बैठकीत सोफा-पलंगावर झोपणाऱ्यांना रात्री झोपलेल्या माणसाच्या उशाशी जाऊन-येऊन करावे लागते. सासूबाईंसाठी कमोडशेजारी आधाराचा दांडा आहे का, शॉवरच्या जागी पायरी किंवा उंच कठडा आहे का, हेही विचारावे. मे महिन्यात गोव्याची हवा इतकी दमट असते की वातानुकूलन यंत्र केवळ शयनगृहात असेल, तर बैठकीचा उपयोग दुपारी होणार नाही. आपल्या कुटुंबाचा सकाळी अकरा ते चार हा वेळ बहुधा खोलीतच जाईल, म्हणून या मुद्द्याला मी समुद्राच्या दर्शनापेक्षा अधिक महत्त्व देईन. छोटा ओटा असल्याचे सांगितले असेल, तर शेगडी व भांडी मिळतात का आणि मऊ भात शिजवू देतात का, याची खात्री करावी. इन्सुलिनसाठी नीट थंड राहणारा फ्रिज हवा, कारण खोलीचे कार्ड काढताच वीज बंद होणाऱ्या काही खोल्यांत फ्रिजही बंद पडतो.

आता पैशांचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलखोलीवर ५ टक्के, तर त्याहून महाग खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. स्वीट हे एकच एकक धरले जात असल्याने त्याचे करासह ११,८०० रुपये होतील आणि दोन खोल्यांचे मात्र १०,५००. हा रात्रीचा १,३०० रुपयांचा फरक चार रात्रींत ५,२०० रुपयांवर जातो. दर सारखाच दिसत असला, तरी निर्णय या रकमेवरच करायचा आहे.

तीनशे मीटरच्या अंतराविषयी मी आपल्याला विशेष सावध करू इच्छितो. कळंगुटहून कांदोळीमार्गे सिकेरीकडे जाणारा मुख्य रस्ता किनाऱ्याला जवळजवळ समांतर धावतो. हॉटेल त्याच्या पूर्वेला असेल, तर रोज हा वाहता रस्ता ओलांडावा लागेल आणि त्यानंतर गल्ली, वाळूचे उंचवटे व कोरडी, पाय रुतणारी वाळू लागेल. जाहिरातीतले अंतर अनेकदा नकाशावरच्या सरळ रेषेचे असते, पण शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांना शेवटची पन्नास मीटर वाळूच सर्वांत जड जाते. म्हणून किनाऱ्यावर उतरणारी सर्वांत जवळची वाट कोणती आणि तिला पायऱ्या आहेत का, हे विचारावे. किनाऱ्याची छायाचित्रे अलीकडची आहेत का, हेही पाहावे. कांदोळीजवळ ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज २००० साली रुतले आणि ते हटवण्याचे काम २०१२ साली पूर्ण झाले. ज्या छायाचित्रात ते दिसते, त्यावरून आजच्या किनाऱ्याची रुंदी ठरवू नये.

किनारपट्टीवरील बांधकामाच्या उंचीला नियमांची मर्यादा असल्याने तिथली बरीच हॉटेले ठेंगणी आहेत आणि त्यामुळेच कित्येकांत लिफ्ट नसते. ‘पहिला मजला, समुद्राचे अंशतः दर्शन’ असा स्वीट मिळाला, तर माडांच्या झावळ्यांतून दिसणाऱ्या निळ्या पट्टीसाठी सासूबाईंना दिवसातून चार वेळा जिना चढावा लागेल. तळमजलाच मागावा.

माझे मत असे की, पूर्ण भिंत, बैठकीतून जाता येईल असे न्हाणीघर, दोन्ही खोल्यांत वातानुकूलन आणि तळमजला या चारही गोष्टी हॉटेलाने ईमेलवर लेखी मान्य केल्या, तर ५,२०० रुपये अधिक देऊन स्वीटच घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीची साखर रात्री उतरू शकते, त्यामुळे सासूबाईंनी हाक मारताच ऐकू जाईल इतक्या अंतरावर कोणीतरी असणे आवश्यक आहे. चारपैकी एकही गोष्ट नाकारली गेली, तर तळमजल्यावरच्या, मधून दार असलेल्या दोन खोल्या मागाव्यात. तसे दार नसेल, तर सासूबाईंच्या खोलीत आपण झोपावे आणि मुलीला वडिलांबरोबर शेजारच्या खोलीत ठेवावे.