आधी बोलायचं काय ते ठरव

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अहिराणीतली दोन गाणी लोकांनी उचलून धरली, तिसरं पडलं, आणि आता मुंबईचा एक निर्माता म्हणतोय की भाषा सोड, हिंदीत ये, चाल आम्ही देतो. तुझं वय तेवीस, आणि तुला वाटतंय की उशीर झाला. हो किंवा नाही सांगण्याआधी एका माणसाची कारकीर्द तुझ्यापुढे ठेवतो. तुझ्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाशी तो कधी ना कधी झुंजला आहे.

ऑलिव्हर मटुकुड्झी, झिम्बाब्वेचा. तिकडे सगळे त्याला ‘टुकू’ म्हणत. १९५२ साली हरारेच्या हायफील्ड वस्तीत जन्मला. तेव्हा शहराचं नाव सॉल्सबरी होतं आणि सत्ता मूठभर गोऱ्यांच्या हातात होती. आई-वडील दोघंही गायकवृंदात गाणारे. १९७७ मध्ये तो ‘वॅगन व्हील्स’ नावाच्या वाद्यवृंदात गायला लागला. थॉमस मापफुमोही त्यात होता. हे नाव लक्षात ठेव, पुढे लागेल. त्या संचासोबतचं एक गाणं जोरात चाललं. मग ‘ब्लॅक स्पिरिट्स’ हा त्याचा स्वतःचा संच उभा राहिला. १९८० साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी आलेल्या ‘आफ्रिका’ या अल्बमची गाणी घराघरात पोचली.

इथवर वाचून तुला वाटेल, चला, जमलं याचं. पण झिम्बाब्वेबाहेरच्या जगात त्याचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते १९९८ च्या ‘टुकू म्युझिक’ या अल्बममुळे. वॅगन व्हील्समध्ये गायला लागल्यापासून एकवीस वर्षांनी! मधल्या काळात तो काय करत होता? गाणी करत होता. जवळपास दरवर्षी नवा अल्बम, कधी वर्षात दोन. सगळे काही उत्तम नाहीत, हे त्याचा भक्त असूनही मी मान्य करतो. पण त्या ढिगातूनच त्याचा आवाज घडत गेला. गेला तेव्हा नावावर साठाहून अधिक अल्बम होते. तू एका पडलेल्या गाण्यावरून स्वतःचा हिशोब मांडायला बसलास, म्हणून हे सांगतोय. अजून मांडण्याएवढी जमाच झालेली नाही रे तुझी.

आता भाषेचं बोलू. तो आयुष्यभर मुख्यतः शोनात, म्हणजे त्याच्या मातृभाषेत गायला. ‘टुकू म्युझिक’चा निर्माता स्टीव्ह डायर हा दक्षिण आफ्रिकेचा सॅक्सोफोनवादक. त्यानं टुकूला दुसरा कुणी बनवायचा प्रयत्न केला नाही. गिटार, मागचे आवाज, ताल यांना नीट जागा करून दिल्या आणि ती खरखरीत, घोगरी गायकी पुढे आणून ठेवली. चांगला निर्माता असा असतो. तुझ्या निर्मात्याकडून चाल येणार, शब्द येणार, भाषा येणार. मग तुझं त्यात काय राहणार, हे त्याला विचारलंस का?

टुकूची गिटार एकदा हेडफोन लावून ऐक. म्बिरा हे शोना लोकांचं वाद्य: लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या, अंगठ्यांनी आणि तर्जनीनं छेडायच्या. मोठ्या भोपळ्यात ठेवून वाजवतात, म्हणजे नाद भरतो. फळीवर शिंपले किंवा बाटल्यांची बुचं अडकवतात, त्यांची एक झणझण प्रत्येक सुराला चिकटून येते. बाहेरच्याला वाटतं की वाद्य बिघडलंय. आपल्याकडे तंबोऱ्याला जवारी लावतात, त्या कानानं ऐकलंस तर लगेच कळेल की ही झणझण मुद्दाम राखलेली आहे, तिच्याशिवाय सूर उघडा पडतो. टुकू गिटारच्या तारा तळव्यानं किंचित दाबून वाजवायचा, म्हणजे स्वर लांबत नाही, ठिपक्यासारखा पडतो आणि म्बिराच्या जवळ जातो. त्याखाली शोनांपैकीच कोरेकोरे लोकांच्या ढोलाचा ताल आणि शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतून आलेली म्बाकांगा या शहरी नाचगाण्याची चाल. हे मिश्रण इतकं त्याचं झालं की लोकांनी त्या प्रकाराला त्याचंच नाव दिलं. तुझ्या आजीच्या ओव्या, कानबाईची गाणी, तुमच्याकडच्या लग्नातली वाजंत्री हे सगळं तुझ्या कानात आहे. गाण्यात मात्र ते अजून आलेलं नाही. तुझ्या तिन्ही गाण्यांचा ठेका मला एकाच संगणकातून निघालेला वाटला. हे स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टुकू पुन्हापुन्हा सांगायचा की सांगण्यासारखं काही नसेल तर गाऊ नये. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नेरिया’ नावाचा सिनेमा आला. नवरा अपघातात जातो आणि दीर घर, पैसा, सगळं ताब्यात घेतो, अशा एका विधवेची ती गोष्ट. टुकूनं त्याचं संगीत केलं, नायिकेच्या भावाचं कामही केलं. त्याचं शीर्षकगीत सांत्वनाचं आहे, एखादा भाऊ बहिणीशी बोलेल तसं. त्यात भाषण नाही. आपल्या घराघरातही असे दीर आहेत, तेव्हा तुला ते परकं वाटणार नाही.

पुढचं उदाहरण त्याहून कठीण. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झिम्बाब्वेत दर चार प्रौढांमागे जवळपास एकाला एचआयव्हीची लागण होती. टुकूच्या स्वतःच्या संचातली माणसं त्यात गेली. लोक मयतीला जात होते आणि आजाराचं नाव घेत नव्हते. अशा वेळी त्यानं ‘टोडी’ हे गाणं केलं (आपल्या रागाशी काही संबंध नाही). गाणं नाचायला लावणारं आहे, आणि आत नुसते प्रश्न. ज्याची शुश्रूषा करतोय त्याचा मृत्यू आपल्याच हातांत वाढताना बघणाऱ्यानं काय करावं? पोटातल्या बाळासोबत विषाणूही वाढत असेल तर त्या आईनं काय करावं? ध्रुवपदात हाच प्रश्न शोना, न्देबेले (तिथली दुसरी मोठी भाषा) आणि इंग्रजीत येतो, म्हणजे देशातला कुणी वगळला जात नाही. उत्तर तो देत नाही. उपदेश केला असता तर लोकांनी पाठ फिरवली असती. प्रश्न मात्र ते स्वतःच म्हणू लागले, लग्नात आणि बारमध्ये, नाचता नाचता. समाजाला गाणं उपयोगी पडतं ते असं.

तू लिहिलंयस की ‘राजकीय गाणं करावं का?’ इथे मापफुमो आठव. दोघं एकाच संचातून निघालेले. मापफुमोनं थेट वाट धरली: गोऱ्या राजवटीनं त्याला तुरुंगात टाकलं, स्वातंत्र्यानंतर नव्या राज्यकर्त्यांच्या भ्रष्टाचारावर गायला, आणि शेवटी अमेरिकेत जाऊन राहावं लागलं. २०१८ साली मायदेशी परतून त्यानं हरारेत मैफल केली, तोवर बराच काळ लोटला होता. टुकू देशातच राहिला. २००० साली त्यानं म्हातारपणावर एक गाणं केलं: वय झालंय, ते मान्य कर. राष्ट्राध्यक्ष मुगाबे तेव्हा शहात्तर वर्षांचे आणि वीस वर्षं सत्तेत. गाणं कुणासाठी आहे हे लोकांनी आपापलं ठरवून टाकलं. टुकू मात्र गाणं वयाबद्दलच आहे, असंच सांगत राहिला. त्याला बोटचेपा म्हणणारे होते, आजही आहेत. मला तसं वाटत नाही. पण मापफुमोनं मोजलेली किंमतही मी कमी लेखणार नाही. यातली वाट कुणी कुणाला निवडून देऊ शकत नाही, मीही देणार नाही. एवढंच सांगतो की थेट बोललास तर किंमत द्यायची तयारी ठेव, आणि आडून बोललास तर शब्द इतके पक्के कर की लोकांना अर्थ आपोआप सापडेल.

टुकूच्या पैशाचं काय झालं, हेही बघ. हरारेपासून चाळीसेक किलोमीटरवर नॉर्टन नावाचं गाव आहे. तिथे त्यानं ‘पाकारे पाये’ हे कलाकेंद्र उभं केलं. तरुण पोरापोरींनी यावं, वाद्यं हाताळावीत, नाचावं, रंगमंचावर उभं राहायला शिकावं. त्याचा मुलगा सॅमही गिटार आणि सॅक्सोफोन वाजवणारा, स्वतःचा संच असलेला. २०१० मध्ये मोटार अपघातात गेला, एकवीस वर्षांचा होता. टुकू थांबला नाही. २०१२ मध्ये त्यानं त्या दुःखातून एक अल्बम केला आणि केंद्रातल्या पोरांना शिकवत राहिला. बापाचं काळीज कसं धजावलं असेल, माझ्या तर कल्पनेपलीकडचं आहे.

२३ जानेवारी २०१९ ला तो मधुमेहानं गेला, सहासष्टाव्या वर्षी. बरोबर वर्षापूर्वी त्याच तारखेला त्याचा दोस्त, दक्षिण आफ्रिकेचा ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला गेला होता. राष्ट्रीय वीर म्हणून गौरवलेला झिम्बाब्वेचा तो पहिला कलावंत. पण दफन राजधानीतल्या वीरभूमीत नाही, त्याच्या मादझिवा या मूळ गावी झालं. मधुमेहाचं वेगळं सांगतो: रात्री-बेरात्रीचे कार्यक्रम, वेळी-अवेळी जेवण, हे तुझंही चालू झालंय. वर्षातून एकदा रक्त तपासून घे. तुझ्या वडिलांना साखर आहे, विसरू नकोस.

आता निर्मात्याचं. हिंदीत गायला माझी ना नाही, गा खुशाल. पण अहिराणी सोडण्याची अट मान्य करू नकोस, आणि जुन्या दोन गाण्यांचे हक्क त्याच्या नावावर जाता कामा नयेत. सही करण्याआधी कराराची प्रत मला पाठव, माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, त्या वाचून देतील. तोवर दुष्काळात ऊसतोडीला गेलेल्या तुझ्या मामाचं जे अर्धं गाणं तू मला फोनवर ऐकवलंस ते पूर्ण कर. दुसरा अंतरा मला फार आवडला होता. त्याला तो संगणकातला ठेका लावू नकोस. गावातल्या संबळवाल्याला बोलाव आणि त्याला आधी गाणं नुसतं ऐकू दे.

तुझा,
काका