नाथसागरावर पट्टकदंब येतो, मग आयबिसबिल का नाही?

प्रश्न : नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठी दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून पट्टकदंब हे रानहंस येतात. उत्तराखंडात फिरायला गेलेल्या माझ्या भाच्याने रामनगरजवळच्या कोसी नदीत टिपलेले एका पक्ष्याचे छायाचित्र मला पाठवले आहे. अंग राखी, चेहरा काळा, छातीवर काळा पट्टा आणि खाली वाकलेली लांब लाल चोच. वाटाड्याने त्याचे नाव आयबिसबिल असे सांगितले. हाही हिमालयाचाच रहिवासी असेल तर तो गोदावरीवर का उतरत नाही? की आपल्याकडचा शराटी (आयबिस) तो हाच?
– एक वाचक, पैठण

उत्तर : शेवटच्या शंकेचे निरसन आधी करतो. शराटीशी त्याचे साम्य चोचीच्या बाकापुरतेच आहे. आयबिसबिल हा टिटवी आणि शेकाट्या यांच्या गणातला पक्षी असून १८३२ साली प्राणिशास्त्रज्ञ व्हिगर्स यांनी हिमालयातील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या कुळात जगभरात दुसरी एकही जात नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. उंची आणि थंडी यांचाच विचार केला तर हे कोडे सुटत नाही. आयबिसबिल उन्हाळ्यात साधारण १,७०० ते ४,४०० मीटर उंचीवर वीण करतो हे खरे. परंतु हिवाळ्यात तो ज्या रामनगर परिसरात उतरतो ते गाव जेमतेम ३५० मीटरवर, म्हणजे सुमारे ४६० मीटरवरील नाथसागराच्याही खाली आहे. त्याला हवी असते ती विशिष्ट प्रकारची नदी. डोंगरातून वेगाने येणारी नदी उतार कमी झाला की वाहून आणलेले गोटे टाकून देते, पात्र रुंदावते, प्रवाह अनेक धारांमध्ये विभागतो आणि मधोमध गोट्यांची बेटे तयार होतात. या बेटांच्या कडेला, गुडघाभर किंवा फार तर पोटापर्यंतच्या वाहत्या पाण्यात आयबिसबिलचा सारा व्यवहार चालतो.

त्याचे कारण त्याच्या आहारात आहे. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, स्टोनफ्लाय अशा कीटकांची पिल्ले थंड, स्वच्छ आणि खळाळत्या पाण्यात दगडांच्या खालच्या अंगाला चिकटून असतात. पक्षी मान तिरपी करून चोचीचे टोक गोट्याखाली घालतो, बाकाचा उपयोग करून आतली पोकळी चाचपतो आणि पुष्कळदा डोकेही पाण्याखाली नेतो. कधी बारीक खडी चोचीने बाजूला ओढून खालचे भक्ष्य उघडे करतो. सरळ चोचीला दगडाला असा वळसा घालणे जमले नसते. त्याच्या पायाला मागचे बोट नाही, पुढची तीनच आहेत. घरटे म्हणजे खडीतला उथळ खळगा, त्यात क्वचित बारीक खड्यांचे अस्तर. साधारण एप्रिल-मेमध्ये त्यात बहुधा चार अंडी असतात आणि नर-मादी दोघेही ती उबवतात. राखी रंगामुळे गोट्यांत स्थिर उभा असलेला पक्षी समोर असूनही दिसत नाही. पुष्कळदा आधी त्याची घुमणारी शीळ ऐकू येते.

पट्टकदंबाची गरज अगदी वेगळी आहे. तो चरणारा पक्षी असून पाणी त्याला मुख्यतः विसाव्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी लागते. नाथसागराचे पाणी ओसरू लागले की गाळपेरीची जमीन उघडी पडते, तेथील कोवळे गवत आणि आसपासचा हरभरा-गहू यांवर त्याचे पोट भरते (शेतकऱ्यांना त्याचे कौतुक किती, हा वेगळा प्रश्न). मराठवाड्यातली गोदावरी पठारावरून संथ उताराने वाहते. धरणे आणि बंधाऱ्यांनी तिचे पाणी जागोजागी अडवले आहे, तळाशी गाळ आणि वाळू आहे आणि हिवाळा सरता सरता अनेक ठिकाणी तिचे डोह तेवढे उरतात. तिच्यात पाणी भरपूर सोडले तरी आयबिसबिलला उपयोग नाही. शिवाय त्याचे स्थलांतर मुख्यतः डोंगरात वरखाली होते, त्यामुळे पायथ्याच्या नद्या सोडून तो दक्षिणेकडे येतच नाही.

प्रश्न : हा पक्षी धोक्यात आहे काय? मराठवाड्यातून त्याला पाहायला कधी आणि कसे जावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : जीवजातींना असलेला धोका नोंदवणाऱ्या जागतिक लाल यादीत तो ‘कमी चिंतेचा’ या वर्गात मोडतो. मात्र तो विरळ पसरलेला आहे आणि त्याचा अधिवास नदीपात्राच्या अरुंद पट्ट्यापुरता आहे. जलविद्युत प्रकल्प आणि गोटे-खडीचा उपसा यांमुळे हाच पट्टा बिघडतो. आपल्याकडच्या वाळूउपशाचे परिणाम ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली आणि तेथून रेल्वेने रामनगर असा प्रवास सोयीचा आहे. कोसीच्या पात्रात गर्जिया मंदिराच्या परिसरात शोध घ्यावा. दुर्बीण सोबत असावी आणि काठावरूनच पाहावे, कारण पात्रात उतरल्यास पक्षी उडून पलीकडच्या धारेला जातो. बेत डिसेंबर ते फेब्रुवारीत आखावा. त्यानंतर पक्षी विणीसाठी वरच्या खोऱ्यांकडे सरकू लागतात.