वाचकांचे प्रश्न : सीबी अँटेनाची केबल कापावी का?

प्रश्न : माझ्या जीपमधील सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे 27 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या) रेडिओचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते हे दाखवणारा आकडा) सर्व चॅनेलवर 3 च्या आसपास दिसतो. अँटेना मागच्या कॅरिअरला बोल्टने बसवला आहे. बर्डीतील दुकानदाराच्या मते केबल बरोबर 18 फुटांचीच हवी. केबल कापू का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : केबलला तूर्त कात्री लावू नये. 27 मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 11 मीटर, म्हणजे अर्धी साडेपाच मीटर भरते आणि त्यातूनच 18 फुटांचा हा आकडा आलेला दिसतो. मात्र नेहमीच्या आरजी-58 केबलमध्ये लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे 66 टक्केच असल्याने तिच्यातील अर्धी तरंगलांबी जेमतेम 12 फूट होते. शिवाय केबल नेमकी तेवढी ठेवली, तरी अँटेनापाशी असलेला दोष मीटरवर जसाच्या तसा उमटेल, इतकेच.

एसडब्ल्यूआर 3 असतो तेव्हा अँटेनाकडे गेलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा परत फिरतो. सर्वच चॅनेलवर आकडा असा चढा असेल, तर पहिला संशय ग्राउंडचा घ्यावा. सीबीचा अँटेना गाडीच्या पत्र्याला आपला दुसरा अर्धा भाग मानून चालतो. कॅरिअरवर पावडर कोटिंग असते आणि त्याचे पाय बहुधा रबरी पट्टीवर टेकलेले असतात, त्यामुळे बोल्ट कितीही आवळला तरी विजेच्या दृष्टीने तो अधांतरीच राहतो. बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, कॅरिअरपासून बॉडीपर्यंत आखूड, रुंद विणीची तांब्याची पट्टी जोडावी आणि केबलची जाळी (आतील तारेभोवतीचे विणलेले धातूचे आवरण) व बॉडी यांमधील रोध मल्टिमीटरने पाहावा. तो जवळजवळ शून्य यायला हवा. केबलची लांबी बदलल्यावर मीटरचा आकडा ठळकपणे बदलत असेल, तर जाळीच्या बाहेरूनही प्रवाह वाहत असल्याचे, म्हणजे ग्राउंड कच्चे असल्याचे ते लक्षण होय. केबलवरील छपाईही वाचावी, कारण टीव्हीची 75 ओहमची केबल येथे चालणार नाही, 50 ओहमचीच हवी.

ग्राउंड पक्के झाल्यावरच अँटेनाच्या काडीच्या लांबीला हात लावावा. आपल्याकडे विनापरवाना वापराचा पट्टा 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ एवढाच असल्याने 40 चॅनेलच्या अमेरिकी संचातही 27 व्या चॅनेलपलीकडे बोलू नये आणि माप 1 व 27 या चॅनेलवर घ्यावे. पहिल्यावर आकडा जास्त आल्यास काडी वाढवावी, सत्ताविसाव्यावर जास्त आल्यास एका वेळी तीन-चार मिलिमीटरच कमी करावी. पत्र्याच्या शेडखाली किंवा वर्धा रोडवरील मेट्रोच्या पुलाखाली घेतलेले माप फसवे ठरते. गाडी मोकळ्या मैदानात न्यावी आणि दारे लावून मोजावे. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना 1.5 किंवा त्याखाली आकडा आला की थांबावे.