दारू सोडून तीन महिने झाल्यावर भाऊ पुन्हा प्यायला. उपचार फुकट गेले का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, बाहेर आल्यावर तीन महिने थेंब घेतला नाही आणि परवा एका समारंभात प्यायला. त्याला पुन्हा भरती करायचं का, आणि हा आजार कायमचा बरा होतो का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

फुकट काही गेलेलं नाही. केंद्रातला महिना हा खरं तर सोपा भाग, कारण तिथे बाटलीच नसते. हॉस्पिटलात साखर आटोक्यात आली म्हणून मधुमेहाचा पेशंट घरी येऊन गोळ्या बंद करत नाही. दारूच्या बाबतीत मात्र घरचे आणि पेशंट दोघंही 'कोर्स संपला' असं धरून चालतात, आणि घोळ तिथेच होतो.

आधी आजचं बघा. एकाच दिवशी प्यायला असेल तर बहुतेक वेळा भरतीची गरज नसते. एक-दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पण तेव्हापासून रोज भरपूर चालू असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, म्हणजे नसलेली माणसं दिसणं, वेळ-जागा न कळणं. यात जीव जाऊ शकतो. पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झाला असेल तर थेट हॉस्पिटल. तिथे ग्लुकोजचं सलाइन लावायच्या आधी 'बी-१' जीवनसत्त्व म्हणजे थायमिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, कारण वर्षानुवर्षं पिऊन आणि जेवण सुटून ते अंगात कमी झालेलं असू शकतं. त्यामुळे किती वर्षं पितोय आणि जेवण कसं आहे, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

आता औषधं. नाल्ट्रेक्सोन (बहुधा ५० मिग्रॅ, दिवसातून एकदा) पिण्यातली मजा कमी करतं. अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर चालत नाही. अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची बेचैनी कमी करतं, पण ३३३ मिग्रॅच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा घ्याव्या लागतात, आणि दुपारचा डोस हमखास बुडतो. किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो. तिसरं डायसल्फिराम. हे ओढ कमी करत नाही, फक्त धाक घालतं. वर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं, म्हणून तो ही गोळी घेत असेल तर परवाचं डॉक्टरांना कळल्याशिवाय पुढची देऊ नका. आणि गुपचूप जेवणात मिसळून तर कधीच नाही. त्याच्या संमतीने, सकाळी दात घासल्यावर, कोणासमोर तरी पाण्याबरोबर गिळायची, एवढी साधी पद्धत असेल तरच ती कामाची. लिव्हरच्या तपासण्या चालू ठेवा. कोणतंही औषध निदान सहा महिने ते वर्षभर लागतं असं धरून चला.

घसरण ग्लास हातात येण्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. झोप बिघडते, चिडचिड वाढते, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या) सभेला जाणं टळतं, जुन्या मित्राचा फोन 'सहज' लावला जातो. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींवर रोज संध्याकाळी नजर टाकायची सवय लावा. तलफ लाटेसारखी येते, बहुधा अर्ध्या तासात ओसरते. त्या अर्ध्या तासाचं आधी ठरलेलं असावं: पोटात काहीतरी घालायचं, जागा बदलायची, ठरलेल्या माणसाला फोन करायचा. ते नाव आणि नंबर खिशात कागदावर हवेत. त्या वेळी डोकं चालत नाही.

तुम्ही तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं सोडा. त्याने तो लपवायला शिकतो, बाकी काही होत नाही. पैशाचा व्यवहार मात्र त्याच्याशी बोलून काही महिने दुसऱ्याकडे द्या. घरात बाटली नको, पाहुण्यांसाठीसुद्धा.

कायमच्या बरेपणाबद्दल: ओढ सोडून बाकीची लक्षणं तीन महिने नसतील तर डॉक्टर सुरुवातीचा उतार मानतात, बारा महिने नसतील तर टिकलेला. तुमचा भाऊ पहिल्या उंबरठ्यावर होता. पहिलं वर्ष फॉलो-अप दाट ठेवा: सुरुवातीला आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा वेगळ्या. त्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या तरी बिघडत नाही.

त्याची उतरली की दोघं बसून परवाच्या आधीचे पंधरा दिवस कागदावर मांडा. गोळी कधी चुकली, झोप कधी गेली, समारंभात दारू असणार हे माहीत होतं का, सोबत कोण होतं. भांडू नका, नुसतं लिहा. तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.